मागचे चाक उसळते म्हणून लगेच रिबाउंड आवळू नका

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. नोकरीनिमित्त पुण्याहून ग्लासगोला आल्यावर आपण 200 मिलिमीटर ट्रॅव्हलची (चाक तेवढे वर-खाली होऊ शकते) एक डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरची, सायकल वापरलेली घेतली. तिला 250×75 मापाचा (लांबी 250, दबण्याचा पल्ला म्हणजे स्ट्रोक 75 मिलिमीटर) कॉइल शॉक, म्हणजे धातूच्या स्प्रिंगचा धक्काशोषक, आहे आणि त्यावर 300 पौंडांची स्प्रिंग आहे. आपले वजन 74 किलो आहे. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमच्या ट्रॅकवर निम्म्या उतारापर्यंत पोचेतो हातांना मुंग्या येतात, दगडांच्या पट्ट्यात मागचे चाक टणाटणा उसळते, आणि खालच्या मोठ्या उड्यांवर शॉक ‘ठक्’ करून तळाला आदळतो. सॅग, म्हणजे स्वार नुसता उभा राहिल्यावर शॉक जितका दबतो ते माप, मात्र मोजला तर 22 मिलिमीटर, म्हणजे स्ट्रोकच्या 29 टक्के, अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे येतो. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) कॉलर पाच फेरे पिळलेली आहे, रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग रोखणारी कळ) पूर्ण बंद स्थितीपासून फक्त 2 क्लिक उघडा आहे, आणि हाय-स्पीड कम्प्रेशन (झटक्याने दबण्याचा वेग रोखणारी कळ) जवळजवळ बंद आहे. हा शॉक काढून हवेच्या दाबावर चालणारा एअर शॉक घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

घेऊ नये. आपल्या शॉकमध्ये बहुधा काहीही बिघाड नाही. आपल्या आकड्यांवरून मला जो घटनाक्रम दिसतो तो असा. सायकलचा आधीचा मालक आपल्यापेक्षा हलका होता, त्यामुळे स्प्रिंग आपल्याला मऊ पडली. शॉक जास्त दबतो हे पाहून आपण, किंवा विकणाऱ्या दुकानदाराने, कॉलर पिळत नेऊन सॅग 30 टक्क्यांच्या आत आणला. तरीही तळ लागत राहिला, म्हणून हाय-स्पीड कम्प्रेशन आवळले. मग दगडांवर धक्के बसू लागले, मागचे चाक उसळते आहे असे वाटले, म्हणून रिबाउंड आवळला. प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी शहाणपणाचेच वाटते, आणि चौथ्या पावलाला माणूस नवा शॉक शोधू लागतो. मी सस्पेन्शनच्या दुरुस्तीचेच काम करतो. टेबलावर येणाऱ्या ‘खराब’ शॉकांपैकी कितीतरी शॉक या एकाच वाटेने आलेले असतात.

गोम त्या 22 मिलिमीटरमध्ये आहे. आपला सॅग बरोबर दिसतो, पण तो बरोबर नाही. स्प्रिंगवर 300 लिहिले आहे याचा अर्थ ती एक इंच दाबायला 300 पौंड जोर लागतो. कॉलर पाच फेऱ्यांत 6 मिलिमीटर खाली आली असे आपण लिहिले आहे. म्हणजे शॉक पूर्ण उघडा असतानाच ती स्प्रिंग 6 मिलिमीटर दबलेली आहे आणि सुमारे 71 पौंड, म्हणजे 32 किलो जोराने, शॉकला आतून ढकलून धरते आहे. आपल्या सायकलचे लिव्हरेज (शॉक एक मिलिमीटर दबताना चाक किती मिलिमीटर हलते ते प्रमाण) सुरुवातीला 3 च्या आसपास धरले, तर चाकाखाली दहा-अकरा किलोचा जोर आल्याशिवाय शॉक हलतच नाही. उडीवरून उतरताना किंवा खड्ड्यातून बाहेर पडताना चाक पूर्ण खाली लोंबलेले असते, नेमक्या त्या क्षणी पहिला स्पर्श लाकडासारखा कडक लागतो. एकदा हा उंबरा ओलांडला की पुढे मात्र स्प्रिंग 300 चीच आहे, म्हणून मधला पट्टा भराभर खचतो आणि शेवटी तळ लागतो. वर कडक आणि खाली पोकळ, ही प्रीलोडने झाकलेल्या मऊ स्प्रिंगची खूण आहे. कॉलर पिळून स्प्रिंगची सुरुवात तेवढी बदलते, तिचा कडकपणा बदलत नाही, हे वाक्य मी दुकानात रोज एकदा तरी म्हणतो.

आता आपल्याला कोणती स्प्रिंग लागेल ते काढू. सिद्ध तक्त्यांपेक्षा हा हिशोब स्वतः करून पाहणे चांगले, कारण तक्त्याला आपल्या सायकलचे लिव्हरेज ठाऊक नसते. फुल-फेस हेल्मेट, गुडघ्यांची कवचे, बूट, पाणी असे सगळे मिळून 4 किलो धरले, तर आपण 78 किलोचे झालात. पेडलवर उभे राहून मध्यम पवित्रा घेतला की सपाटीवर यातला साधारण 62 टक्के भार मागच्या चाकावर जातो, म्हणजे 48 किलो. त्यात सायकलच्या स्प्रिंगवर तोललेल्या भागाचे मागचे 6 किलो मिळवले की 54 होतात. आपल्या सायकलचे सरासरी लिव्हरेज 200 भागिले 75, म्हणजे 2.67 आहे, पण डाउनहिल सायकलींमध्ये ते बहुधा सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी ठेवलेले असते, म्हणजे शेवटाकडे चाकाला शॉक जड होत जातो. सॅगच्या ठिकाणी ते 2.8 धरू. 54 गुणिले 2.8 म्हणजे 151 किलो, अर्थात 333 पौंड इतका भार शॉकवर पडतो. 75 मिलिमीटर स्ट्रोकचे 30 टक्के म्हणजे 22.5 मिलिमीटर, इंचांत 0.886. 333 ला 0.886 ने भागले की 376 येतात. आपल्याला 375 ची स्प्रिंग हवी.

हाच हिशोब उलटा करून पाहा, म्हणजे आपला 22 कुठून आला ते कळेल. 333 पौंडांखाली 300 ची स्प्रिंग 28 मिलिमीटर दबते, म्हणजे स्ट्रोकच्या 37 टक्क्यांहून जास्त. त्यातून प्रीलोडचे 6 वजा केले की 22 उरतात. उलट तळाचा आकडा पाहा. पूर्ण दबलेल्या अवस्थेत, 6 मिलिमीटर प्रीलोडसकट, आपली स्प्रिंग सुमारे 957 पौंड जोर देते. 375 ची स्प्रिंग केवळ 1 मिलिमीटर प्रीलोडवर 1,120 च्या पुढे जाते. हे जे दीडशेहून अधिक पौंड आहेत, ते आपण आजवर हाय-स्पीड कम्प्रेशनच्या नळीतून काढू पाहत होतात. मात्र डॅम्पर, म्हणजे शॉकमधला तेलाचा भाग, वेग रोखतो, वजन पेलत नाही.

स्प्रिंग विकत घेताना तिच्यावरचा दुसरा आकडाही पाहावा. 375×3.00 असे लिहिले असेल, तर दुसरा आकडा ती किती इंच दबू शकते ते सांगतो. 75 मिलिमीटरच्या स्ट्रोकला त्याहून आखूड स्प्रिंग लावली, तर शॉक तळाला जाण्याआधीच वेटोळी एकमेकांना टेकतात आणि सगळा जोर शाफ्टवर व टोकाच्या बोल्टवर जातो. आतला व्यासही कंपनीगणिक वेगळा असतो. जुन्या स्प्रिंगांत छापलेला आणि खरा आकडा यांत थोडी तफावत निघते, म्हणून ‘375 लावली पण सॅग वेगळाच आला’ असे झाले तर स्वतःच्या गणितावर संशय घेण्याआधी स्प्रिंगवर घ्या.

स्प्रिंग बदलायला शॉक काढालच, तेव्हा नवी स्प्रिंग लगेच चढवू नका. आधी शॉक स्प्रिंगविना परत जोडा आणि मागचे चाक हाताने वर-खाली करून पाहा. बेअरिंगा चांगल्या असतील तर शॉकच्या तेलाचा मऊ विरोध तेवढा हाताला लागेल. कुठे किरकिर, अडखळ किंवा खरखर लागली तर दोष तिथे आहे आणि कितीही क्लिक फिरवून तो जाणार नाही. मग सीट पूर्ण खाली ठेवून चाक वरपर्यंत दाबा आणि टायर सीटला घासतो का ते पाहा. वापरलेल्या सायकलीवर सीट बदललेली असते, टायर जाड घातलेला असतो, आणि हे घासणे चालवताना तळ लागल्यासारखेच वाटते. मी स्वतः एकदा एका गिऱ्हाइकाचा शॉक दोनदा उघडून पाहिला होता, आणि सीटच्या पोटावर टायरच्या रबराचा काळा पट्टा आहे हे शेवटी त्याच्या मुलीने दाखवले. शॉकच्या दोन्ही टोकांच्या बुशही (बोल्टभोवतीच्या नळ्या) तपासाव्यात: पूर्ण जोडणी झाल्यावर सायकल सीटला धरून जराशी उचला, चाक जमिनीवरून सुटण्याआधी बारीक ‘टक’ हाताला लागली तर बुश झिजली आहे. पिव्होटचे, म्हणजे सांध्यांचे, बोल्ट टॉर्क पान्यानेच, निर्मात्याने दिलेल्या आकड्यावर आवळावेत.

कॉइल शॉकवर सॅग मोजायला एअर शॉकसारखी रबरी कडी नसते, म्हणून एका टोकाच्या बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे लागते. रिकामे असताना हे अंतर 250 भरेल. नंतर पूर्ण पोशाख घालून, पेडलवर उभे राहून, चालवताना जसे उभे राहता तसे कोपर किंचित वाकवून थांबा. एकाने हँडल धरावे आणि दुसऱ्याने मोजावे. भिंतीला हात टेकून मोजू नये, कारण मनगटावाटे चार-पाच किलो भार भिंतीत निघून जातो आणि आकडा खोटा येतो. आधी दोन-तीनदा हलके उसळून घ्यावे, म्हणजे सीलचे घर्षण सुटते. असे तीनदा मोजून मधला आकडा घ्या. प्रीलोड स्प्रिंग हाताने खुळखुळणार नाही इतकाच, म्हणजे एक फेरा द्या. दोन फेऱ्यांच्या पुढे जावेसे वाटले तर स्प्रिंग चुकली आहे असे समजावे. मोजलेले अंतर 227 ते 229 च्या दरम्यान आले की स्प्रिंगचे प्रकरण मिटले.

आता रिबाउंड. आपला सर्वांत मोठा त्रास, म्हणजे हातांच्या मुंग्या आणि उसळणारे चाक, माझ्या मते इथून येतो. चाक उसळते म्हणजे रिबाउंड जलद आहे, असे सगळेच धरून चालतात. पण फोर्ट विल्यमसारख्या ट्रॅकवर निम्म्या वेळा उलटे असते. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. ब्रेक लावून लावून पडलेल्या खड्ड्यांमध्ये एकेक मीटर अंतर असेल, तर चाकाला सेकंदाला दहा धक्के बसतात आणि प्रत्येकानंतर परत खाली यायला दहाव्या हिश्श्याहून कमी सेकंद मिळतो. रिबाउंड 2 क्लिकवर असताना शॉक तेवढ्यात पूर्ण उघडत नाही. दुसरा धक्का तो अर्धवट दबलेला असतानाच बसतो, तिसरा आणखी खाली, आणि पाचव्या-सहाव्या खड्ड्याला आपण स्ट्रोकच्या शेवटच्या, सर्वांत जड भागावर चालत असता. चाक मग खड्ड्याच्या काठावर आपटते आणि सायकलसकट वर उडते. हातांना मुंग्या येतात त्या त्यामुळेच, कारण मागचा भाग बसला की सगळा मार तुम्हाला हँडलला लोंबकळून सोसावा लागतो.

खरोखर जलद रिबाउंड आणि हे साचणे, म्हणजे धक्क्यागणिक शॉक खाली बसत जाणे, यांतला फरक ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. जलद रिबाउंडचा हिसका एकट्या मोठ्या धक्क्यानंतर, विशेषतः उडीच्या तोंडाशी, सीट मागून वर लाथ मारल्यासारखा जाणवतो, आणि तो पहिल्याच धक्क्याला येतो. साचण्याचा त्रास धक्क्यांच्या ओळीत हळूहळू वाढत जातो. पहिले दोन खड्डे गुळगुळीत, सहावा भयंकर. शंका राहिलीच, तर मित्राला खड्ड्यांच्या कडेला उभे करून मोबाइलवर सेकंदाला 240 चित्रांच्या संथ गतीने चित्रीकरण करायला सांगा. प्रत्येक खड्ड्यात चाक तळापर्यंत उतरते की अधांतरी तरंगत पुढे जाते, ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. शर्यतींचे संघ यासाठी शॉकवर सेन्सर लावून आलेख काढतात, पण आपल्या प्रश्नाला मोबाइल पुरे आहे.

नवी स्प्रिंग जास्त जोराने परत ढकलेल, म्हणून आधीपेक्षा थोडा जास्त रिबाउंड लागेल हे खरे. पण 2 क्लिक हा आकडा कुठल्याच हिशोबात बसत नाही. आपल्या शॉकला एकूण 14 क्लिक आहेत, तेव्हा पूर्ण बंद करून 8 क्लिक उघडा आणि तिथून सुरुवात करा. क्लिक नेहमी बंद टोकापासूनच मोजावेत, कारण उघडे टोक प्रत्येक शॉकमध्ये सारखे नसते. मग मुद्दाम दोन क्लिक जास्त उघडून एक फेरी आणि मधल्यापेक्षा दोन क्लिक जास्त बंद करून दुसरी फेरी करा. दोन्ही टोके चुकीची लागायला हवीत. ती कोणत्या प्रकारे चुकीची लागली यावरून मधली जागा सापडते. सीटवर बसून फुटपाथवरून उतरायचे आणि एकदाच डुललो का ते पाहायचे, ही पार्किंगमधली परीक्षा ढोबळ सुरुवातीपुरती ठीक आहे, तिच्यावर फार विसंबू नये.

कम्प्रेशनबद्दल कमी सांगतो, कारण स्प्रिंग आणि रिबाउंड जुळल्यावर त्याचे काम थोडेच उरते. लो-स्पीड आणि हाय-स्पीड हे सायकलचे वेग नव्हेत, शॉकच्या शाफ्टचे आहेत. ताशी 50 किलोमीटरने बर्ममध्ये, म्हणजे उंच कडेच्या वळणात, दाबून वळलात तर शाफ्ट सावकाश हलतो, ते लो-स्पीडचे क्षेत्र. पायी चालण्याच्या वेगाने चौकोनी दगडावर चढलात तर शाफ्ट झटकन हलतो, ते हाय-स्पीडचे. आपण हाय-स्पीड पूर्ण उघडा करून सुरुवात करा आणि सर्वांत मोठ्या उडीवर जोराचा तळ लागला तरच एकेक क्लिक वाढवा. एका फेरीत एखाद्या वेळी हलका तळ लागणे योग्यच आहे; कधीच लागत नसेल तर पैसे मोजलेल्या ट्रॅव्हलचा काही भाग आपण वापरतच नाही. लो-स्पीड मधोमध ठेवा. खालच्या जंगलानंतरच्या सपाट, पेडल मारण्याच्या भागासाठी तो आवळण्याचा मोह होईल, पण तिथे वाचलेला सेकंद वरच्या दगडांत दुपटीने जातो.

जागेविषयी दोन शब्द. एओनाख मोर डोंगराच्या उतारावरचा हा ट्रॅक सुमारे 2.8 किलोमीटर लांब असून 555 मीटर उतरतो. 2002 पासून तिथे अनेकदा वर्ल्ड कपच्या शर्यती झाल्या आहेत, आणि 2023 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही तिथेच झाली. जगातले अव्वल पुरुष तो साडेचार मिनिटांच्या आसपास उतरतात. आपल्याला आणि मला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ शॉक सतत तापत राहतो. तापलेले तेल पातळ होते व रिबाउंड जलद वाटू लागतो. म्हणून सकाळच्या थंडीतल्या पहिल्या फेरीवर काहीही ठरवू नये. पूर्ण ट्रॅकवर जुळणी करण्याऐवजी वरच्या उघड्या माळावरचा मिनिटभराचा दगडी पट्टा निवडा, पायी सायकल ढकलत परत वर या, आणि तोच पट्टा चार-पाच वेळा करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. टायरची हवा दर वेळी त्याच गेजने तपासा, कारण मागच्या टायरमध्ये 3 पीएसआयचा फरक पडला तरी हाताला तो दोन-तीन क्लिकांएवढा वाटतो. खिशात छोटी वही ठेवा, फेरी संपल्याबरोबर आकडा आणि दोन शब्द लिहा. गोंडोलात बसून वर जाईपर्यंत आठवण बदललेली असते, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. पाऊस तिथे नित्याचाच. ओल्यात दगड निसरडे झाले की रिबाउंड एक क्लिक उघडा ठेवल्याने चाक जमिनीला अधिक चिकटून राहते.

मागचा भाग नीट उभा राहू लागल्यावर पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचा शॉक) आधीपेक्षा मऊ वाटेल. फोर्क आजवर खचलेल्या मागच्या भागाशी जुळवून घेत होता, म्हणून तसे वाटते. त्यात लगेच हवा भरू नका, एक पूर्ण दिवस तसाच चालवा.

एअर शॉकबद्दल एवढेच, की तो हलका असतो आणि वजन बदलले तर पंपाने जुळवता येतो, पण त्याच्या सीलांचे घर्षण जास्त असते आणि लांब उतारावर आतली हवा तापून दाब वाढतो. जो दोष आपण स्प्रिंग न बदलता कॉलरने झाकला, तोच तिथे दाब आणि आतल्या स्पेसरने (हवेची जागा कमी करणाऱ्या तुकड्याने) झाकता येतो, आणि मग तो शोधणे अधिक कठीण होते.

राहता राहिला प्रश्न 375 ची स्प्रिंग न मिळाल्यास काय करावे याचा, कारण बऱ्याच दुकानांत 50 च्या पटीतल्याच असतात. 350 वर, एका फेऱ्याच्या प्रीलोडसह, सॅग साधारण 31 टक्के येईल आणि 400 वर 27 टक्के. फोर्ट विल्यमलाच बहुतेक जाणार असाल तर 350 घ्या आणि तळ लागू लागला तर हाय-स्पीडचे दोन क्लिक खर्च करा. गुळगुळीत उड्यांच्या बाइक पार्कमध्ये जास्त दिवस घालवणार असाल तर 400. जुनी 300 ची विकू नका, आपल्यापेक्षा 14-15 किलोने हलका मित्र सायकल मागायला आला की ती उपयोगी पडेल.